बाबांनी इगाल काढला

गुन्हा का घडतो, हा प्रश्न डॉ. लमीस यांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिला आणि आम्ही उतरवून घेण्याआधी पुसूनही टाकला.

"यात काही कोडं नाही," त्या म्हणाल्या. "राग सगळ्यांना येतो, हाव सगळ्यांना सुटते. खरा प्रश्न उलटा आहे. बाकीचे लोक गुन्हा का करत नाहीत?"

"घरी आई बसलेली असते म्हणून, डॉक्टर," मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली.

वर्ग हसला. डॉ. लमीस हसल्या नाहीत. "लिहून घ्या. ती थट्टेत बोलली, पण एका अख्ख्या सिद्धान्ताचं सार बोलली."

तास संपल्यावर ती मुलगी माझ्या बाकापाशी येऊन उभी राहिली. "मिस विसाल, ओळखलं नाहीत ना? मी घदीर. सहावीत तुम्ही मला इतिहास शिकवायचात. एकदा वर्गाबाहेर काढलं होतंत."

"कशासाठी?"

"बडबड."

"मग बरोबरच केलं."

"आता कशा काढाल? आता आपण एकाच वर्गात!"

जॉर्डनमध्ये, करकच्या दक्षिणेला आमचं गाव. तिथल्या मुलींच्या शाळेत मी इतकी वर्षं शिकवते की अर्ध्या गावाच्या बायका मला मिस म्हणतात. गुन्हेगारीशास्त्राला नाव घातलं तेव्हा वर्गातल्या मुलांपेक्षा मी बरीच मोठी होते आणि मला कोणी सोबत बसायला घेत नव्हतं. घदीरने घेतलं. गावातून विद्यापीठाकडे जाणाऱ्या मिनीबसमध्ये ती माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायची, झातरचा मसाला लावलेली पोळी अर्धी मोडून द्यायची आणि वाटभर बोलायची. परिसंवादाचा निबंध आम्ही दोघींनी मिळून घेतला होता. विषय तिनेच निवडला: मारकुट्या घरात वाढलेली मुलं. मला वाटलं, पुस्तकं सहज मिळतील म्हणून निवडला असेल.

बाबांना माझ्या या शिक्षणाची फार मजा वाटायची. "या वयात पोरगी चोर आणि खुनी शिकायला निघालीय," ते आल्यागेल्याला सांगायचे. "मी आयुष्यभर फुकट शिकलो, ती फी भरून शिकतेय."

ते खोटं नव्हतं. बाबा जमीन मोजणीच्या कचेरीतून निवृत्त झाले होते, पण दैफल्लाह, थोरल्या मुलाच्या नावावरून अबू फवाझ, हे नाव लोकांना ठाऊक होतं ते वेगळ्या कारणाने. आमच्याकडे कोणाच्या हातून माणूस मेला, की त्याच्या बाजूने मानाची माणसं जमून मयताच्या घरी जातात. त्या मंडळीला जाहा म्हणतात. यजमान कहवा देतो, वेलची घातलेली कडू कॉफी. जाहेचा प्रमुख पेला हातात घेतो आणि ओठाला न लावता समोर ठेवून देतो. आमचं मागणं मान्य होईपर्यंत आम्ही तुमचा कहवा पिणार नाही, म्हणतो. पाहुणा कहवा न पिता उठला तर यजमानाला तोंड दाखवायला जागा उरत नाही. यजमान 'प्या' म्हणाला, की माफी झाली. बाबांनी असे कितीतरी पेले खाली ठेवले होते आणि बहुतेक सगळे शेवटी पिऊनच उठले होते.

लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "पण जो मेला त्याला कोण विचारतं?"

बाबा तेव्हा झगा घडी करून ठेवत होते. "त्याला विचारता आलं असतं तर आम्हाला कोणी बोलावलं असतं का?" ते म्हणाले आणि घडी सरळ करत राहिले.

वसंतातल्या एका गुरुवारी, दुपारच्या नमाजानंतर, बाबा बेकरीत गेले. बेकरीसमोर एका पिकअपने वाट अडवली होती आणि त्यावरून दोन तरुण मुलांची जुंपली होती. आधी आईबहिणीवरून, मग धक्काबुक्की. बाबा पावाची पिशवी हातात घेऊन बाहेर आले. त्यांनी पिशवी बेकरीवाल्याच्या हातात दिली, दोघांच्या मध्ये चालत गेले आणि डोक्यावरचा इगाल काढला. रुमाल जागेवर धरून ठेवणारं काळ्या दोरखंडाचं ते जाड वेटोळं. जुना माणूस ते काढून भांडणाऱ्यांच्या मध्ये जमिनीवर टाकतो. माझी अब्रू तुमच्या पायाशी ठेवली आहे, ती तुडवून पुढे जायचं असेल तर जा, असा त्याचा अर्थ. बाबांच्या वडिलांनी एकदा असाच इगाल टाकून दोन भावकींची मारामारी थांबवली होती, ती गोष्ट आम्ही सगळ्यांनी ऐकली होती.

बाबांचा इगाल जमिनीवर पडलाच नाही. तो अजून त्यांच्या मुठीत होता तेव्हा दोघांपैकी एकाने कमरेचं पिस्तूल काढून गोळी झाडली.

त्या मुलाचं नाव मुतसिम. घदीरचा मोठा भाऊ.

पावाची पिशवी बेकरीवाल्याने घरी आणून दिली. पाव टाकून देत नाहीत, म्हणून आईने ते गच्चीवर वाळत घातले. त्यांचं पुढे काय करायचं ते आम्हा कोणालाच सुचलं नाही. ते तसेच तिथे कडक होत राहिले.

संध्याकाळ व्हायच्या आत मुतसिमच्या आजोबांच्या वंशातली सगळी घरं रिकामी झाली. हा जल्वा. रक्त सांडणाऱ्याच्या रक्ताच्या माणसांनी मयताच्या माणसांच्या नजरेसमोर राहायचं नाही, गाव सोडून दूर जायचं, समेट होईपर्यंत. पोलिसांच्या गाड्या पुढे-मागे, मध्ये त्यांचे पिकअप, गाद्या, बायका, फ्रीज. त्यांना उत्तरेला मफ्रकच्या बाजूला नेलं. आमच्या घरात रडारड चालू होती आणि मी खिडकीतून तो तांडा जाताना पाहिला. घदीर कुठल्या गाडीत होती ते कळलं नाही. तिचं एकच सत्र उरलं होतं.

उन्हाळ्यात जाहा आली. आमच्या अंगणात आणि रस्त्यापर्यंत तंबू ठोकला होता. शंभरावर माणसं, झगे घातलेली. आम्ही बायका स्वयंपाकघरात, पण ऐकायला अडचण नव्हती, कारण हल्ली जाहा लाउडस्पीकर लावून होते. प्रमुख कोणीतरी बाहेरगावचे शेख होते. ते जे बोलले ते मी ऐकलेलं होतं. शब्दच्या शब्द. मयताची थोरवी, क्षमेची थोरवी, मध्येच आवाज खाली नेणं, मग पेला खाली ठेवल्याची शांतता. बाबा हेच आरशासमोर म्हणून बघायचे.

आमच्या बाजूने नव्वाफ काका उठले. बाबांच्या पाठचे भाऊ. माझा थोरला भाऊ फवाझदादा शेजारी बसला होता, पण घराण्यातले मोठे आता काका होते. "देवासाठी," ते म्हणाले, "पैगंबरांसाठी, आणि तुमचे पाय आमच्या उंबऱ्याला लागले त्यासाठी. आमचा भाऊ आम्ही देवाच्या हवाली केला. आम्हाला रक्ताची किंमत नको. आमचा हक्क आम्ही सोडला. तुमचा कहवा प्या."

लाउडस्पीकरमधून इतक्या जणांचं एकदम 'देव तुमचं भलं करो' ऐकू आलं.

"झालं?" माझी मावशी म्हणाली. तिच्या हातात अजून काकडी होती.

"झालं," आई म्हणाली.

"तुला विचारलं होतं का गं त्यांनी?"

"मला? मला कधी कोणी काय विचारलंय? भात मोकळा झाला का, एवढंच विचारतात."

चूक तिथेच झाली होती आणि ती काकांना वकिलाने दुसऱ्या आठवड्यात सांगितली. तंबूत घराण्याचा मोठा माणूस सगळ्यांच्या वतीने बोलतो. कोर्टात तसं चालत नाही. शिक्षा कमी व्हायची तर मयताच्या प्रत्येक वारसाने स्वतः येऊन हक्क सोडल्याची सही करायची. बायकोने, मुलग्यांनी, मुलींनी. एकजण जरी उरला तरी समेट पुरा झाला नाही, आणि समेट पुरा झाला नाही तर जल्वाही उठत नाही.

आईने सही केली. "मी त्या पोराचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "त्याला कोंडून ठेवून मी काय करू?" फवाझदादाने केली, कारण काकांनी शब्द दिला होता. धाकट्या बहिणीने नवऱ्याने सांगितलं म्हणून केली. मी अर्ज वाचला. त्यात होतं की मी आरोपीला मनापासून, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय क्षमा करते.

मी म्हटलं, हे खरं नाही. आणि सही न करता घरी आले.

मग काका आले. एकटेच, दिवसाउजेडी, नेहमीचा झगा घालून. मी कहवा केला, वेलची जास्त, त्यांना लागते तशी. त्यांनी पेला घेतला आणि सतरंजीवर समोर ठेवला.

मला कळायला क्षणभर लागला.

"काका, हे काय? माझ्यासमोर?"

"तुझ्यासमोर. दुसरं कोण उरलंय?"

"हे घर तुमचंच आहे. स्वतःच्या घरात कोणी असं करतं का?"

"शंभर माणसांसमोर मी 'प्या' म्हणालो, विसाल. ती माणसं कहवा पिऊन गेली. आता बाजारात मला विचारतात, अबू सखर, तुमच्या पुतणीने परवानगी दिली का? हसत विचारतात. मी काय सांगू?"

"सांगा की तिला विचारायचं राहिलं."

"अगं, तुझ्या बापाने तरी कधी बायकांना विचारलं का? इतक्या जाहा केल्या त्याने!"

मी पेला त्यांच्याकडे सरकवला, त्यांनी तो परत होता तिथे ठेवला.

"तू त्या पोराला फाशी द्यायला निघालीयस का?"

"नाही. मला त्याचा जीव नको. मला फक्त खोटं लिहायचं नाही. मला त्याचा राग आहे, काका. रोज सकाळी उठल्यावर असतो. तो आहे आणि मी लिहू की नाही?"

"मग राग ठेव आणि सही कर! आम्ही काय केलं असं वाटतं तुला? माझा भाऊ होता तो." त्यांचा आवाज फुटला आणि त्यांनी घसा खाकरून तो सरळ केला. "आणि ती पोरगी? ती तुझ्या वर्गातली? तिचं शिक्षण बुडालं ते दिसत नाही तुला? चांगली मिस आहेस."

"त्यांना परत येऊ द्या ना. मी आजच म्हणते, या. घदीरने कोणाला मारलंय? तिच्या आजीने मारलंय? ज्यांनी काही केलं नाही ते गाव सोडून बसलेत, आणि ज्याने केलं त्याच्या शिक्षेत सूट. हे उलटं नाही का?"

काका माझ्याकडे बघत राहिले. "हे विद्यापीठात शिकवतात?"

"नाही. हे मला इथेच बसून सुचलं."

"हे असं वेगळं करता येत नाही, पोरी. ते एकच गाठोडं आहे. सोडलं तर सगळं सुटतं."

"कहवा गार होतोय, काका."

"होऊ दे."

ते बराच वेळ बसले. आई आत-बाहेर करत राहिली. मग ते उठले, तिला सलाम केला आणि गेले. तो पेला मी ओतून टाकला. बाबांच्या घरून कहवा न पिता उठलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

विद्यापीठात मी जात होते. दुसरं कुठे जायचं ते कळत नव्हतं म्हणून. डॉ. लमीस कारणांवर आल्या होत्या. एक सिद्धान्त म्हणतो, गुन्हा शिकला जातो, भाषा शिकावी तसा, जवळच्या माणसांकडून. दुसरा म्हणतो, ज्याला वाट बंद असते तो आडवाटेने जातो. तिसरा म्हणतो, आपण एखाद्याला चोर म्हणत राहिलो की तो चोर होतो. मी सगळं उतरवून घेत होते. आधी या वाक्यांतली माणसं परकी असायची. आता प्रत्येक वाक्यात एकच मुलगा बेकरीसमोर उभा असायचा, आणि तो कुठल्याच वाक्यात नीट मावत नव्हता.

एकदा तासानंतर डॉ. लमीस यांनी मला थांबवलं. "घदीरचा फोन आला होता. ती पुढच्या आठवड्यात अम्मानला येतेय, बदलीच्या कागदांसाठी. तुला भेटायचंय म्हणते. तू नाही म्हणालीस तर तिला वाईट वाटणार नाही, असंही म्हणाली."

"वाटेल," मी म्हटलं. "तिला वाटेल."

आम्ही अम्मानमध्ये एका रसाच्या दुकानात भेटलो. भर दुपार, रस्त्यावर हॉर्नचा गोंगाट. ती वाळली होती. मला बघून उठली, मिठी मारायला पुढे झाली, मग थांबली. मीच तिला जवळ घेतलं.

"मिस, तुम्ही बारीक झालात."

"तू तर दोरी झालीस. मफ्रकला खायला घालत नाहीत का?"

"धूळ घालतात. भरपूर." ती हसली आणि मग हसणं तिला आवरेना, ते रडण्याकडे जायला लागलं, तेव्हा तिने डाळिंबाचा रस एका दमात पिऊन टाकला. "दोन खोल्यांत तेरा माणसं आहोत. आजी रोज विचारते, घरी कधी जायचं. मी म्हणते, उद्या. तिला उद्यापर्यंत आठवत नाही, ते एक बरं आहे."

"तू मला सही करायला सांगायला आलीस का?"

"नाही." तिने मान हलवली. "घरच्यांनी त्यासाठीच पाठवलंय. पण नाही. माझ्यासाठी सही करू नका. मी तुमच्या शेजारी वर्गात बसेन आणि दर तासाला मला वाटत राहील की ही जागा मला कशाच्या बदल्यात मिळाली. मला दुसरंच काहीतरी सांगायचंय. ते तुम्हाला माहीत असायला हवं, बस्."

तिने रिकामा पेला फिरवला.

"आमचे अब्बा झरका शहरात गॅरेजमध्ये होते. आई आणि आम्ही मुली गावात, मुलगे त्यांच्याकडे. सुट्टीत आम्ही तिकडे जायचो. अब्बांचा हात चालायचा. हात म्हणजे, इगाल. मुतसिमने काही केलं की ते आधी बोलायचे नाहीत. शांतपणे इगाल काढायचे, मुठीत धरायचे आणि त्याच्याकडे चालत यायचे. मारण्यापेक्षा ते चालत येणंच... मी पलंगाखाली जायची. तो जायचा नाही. तो उभा राहायचा आणि त्याची विजार ओली व्हायची, मिस. पंधरा वर्षांचा होता तरी."

रस्त्यावर कोणीतरी गॅस सिलिंडर विकत होतं, त्याच्या गाडीवर गाणं चाललं होतं.

"तुरुंगात मी भेटले त्याला. म्हणाला, म्हाताऱ्याने इगाल काढला आणि माझ्याकडे चालत आला. म्हणाला, मला दुसरं काही दिसलंच नाही. इगाल मध्ये टाकतात, भांडण थांबतं, हे त्याला माहीतच नव्हतं हो. झरकात कोण टाकतं? त्याने आयुष्यात इगाल एकाच कामाला पाहिला होता."

बाबांची मूठ माझ्या डोळ्यांसमोर होती. त्या मुठीत त्यांनी स्वतःची अब्रू धरली होती. समोरच्याला त्यात चाबूक दिसला होता.

"वकिलाला सांगितलं त्याने?"

"छे! अब्बांबद्दल कोर्टात? मरेल पण बोलणार नाही. वकिलाला म्हणाला, राग आला, मारलं. बस्, एवढंच." ती उठली. तिचा दुसरा भाऊ बाहेर गाडीत थांबला होता. "मी कारण म्हणून नाही सांगितलं हां. तुम्हाला वाटेल, आपल्या निबंधाचाच विषय म्हणून सांगितलं."

बसमधून परत येताना मी खिडकीशी बसले. कोरडा डोंगर, मग दरी, मग पुन्हा डोंगर. मला वाटलं होतं, कारण कळलं की काहीतरी हलेल. राग हलला नाही. तो होता तिथेच होता, फक्त आता त्याच्या शेजारी एक पंधरा वर्षांचा मुलगा उभा होता. दोघेही जागचे हलायला तयार नव्हते.

खूप विचार केला असं मी म्हणणार नाही. मला एवढं दिसत होतं की सही करणं खोटं होतं. आणि आता गप्प बसणंही खोटं होतं, कारण खटला 'रागाने मारलं' यावर चालला होता आणि ते खरं नव्हतं. त्याने भीतीने मारलं होतं. ज्या माणसाने मला मोजणीच्या पट्टीने बोटं मोजायला शिकवली, त्याच्या मरणाची नोंद तरी बरोबर व्हावी. मी सरकारी वकिलांना भेटले आणि सांगितलं. ते ऐकताना दोनदा म्हणाले, "तुम्ही मयताची मुलगी आहात ना?"

मोठ्या गुन्ह्यांचं कोर्ट अम्मानला भरतं. त्या तारखेला मी गेले. काका आले नाहीत. मुतसिम पिंजऱ्यात उभा होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा ठेंगणा. दाढी नीट उगवलेली नव्हती. न्यायाधीशांनी त्याला विचारलं, वडील तुला इगालने मारायचे का? तो खाली बघत राहिला. पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "माझे वडील चांगले आहेत."

मग त्यांनी अबू मुतसिमला उभं केलं. जल्व्यातला माणूस म्हणून ते डोक्याला नुसता रुमाल बांधून आले होते, इगालशिवाय. घदीर त्यांच्या मागच्या रांगेत होती.

"मारायचात?"

"बाप आहे मी."

"इगालने?"

त्यांचा हात डोक्याकडे गेला, जिथे इगाल असतो तिथे, आणि काही न सापडून खाली आला. "सगळेच मारतात, साहेब," ते म्हणाले. मग इतक्या हळू की कारकुनाने पुन्हा विचारलं: "हो. मारायचो."

पिंजऱ्यात मुतसिमने कान हातांनी झाकून घेतले.

मी घदीरकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती, जणू मी फळ्यावर काही लिहिलं होतं आणि ते तिला वाचता येत नव्हतं.

निकाल लागला. ठरवून नाही, अचानक आणि भीतीपोटी, असं कोर्टाने धरलं. शिक्षा जवळजवळ तेवढीच खाली आली, जेवढी आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या असत्या तर आली असती.

काका त्या शुक्रवारी आले, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

"आता खूश?"

"नाही, काका."

"त्याला जे मिळायचं ते मिळालंच. फक्त आपल्या हातून नाही. आपण दिलं असतं तर देणारे म्हणून अबू फवाझचं घर उभं राहिलं असतं. आता कोर्टाने दिलं. आपल्या घरातून ते गेलं, आणि आपण दिलंही नाही. आणि ते लोक? समेट नाही, म्हणजे जल्वा तसाच. तुझ्या एका शहाणपणात सगळं बुडालं. सगळं." ते ओरडत नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुझा बाप असता तर तुला काय म्हणाला असता ठाऊक आहे?"

"नाही ठाऊक," मी म्हटलं. "तेच तर."

ते गेले. त्यांना आता जाहेला कोणी बोलावत नाही, असं फवाझदादाने सांगितलं.

घदीरचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मी ओसरीवर होते, आई समोर द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत होती.

"मिस."

"घदीर. कशी आहेस?"

"अब्बा बोलत नाहीत. कोर्टातून आल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसतात. आज आईने ताट ठेवलं तर त्यांनी आधी हात वर केला, मार चुकवायला करतात ना तसा. अब्बांनी!"

"मला त्यांची लाज काढायची नव्हती. मुतसिमची शिक्षा—"

"कमी झाली. माहीत आहे. आम्ही तुमचे आभार मानायला हवेत. आजी सकाळपासून म्हणतेय, त्या बाईला दुवा द्या." ती थांबली. "मी ते तुम्हाला सांगितलं होतं, मिस. कोर्टाला नाही."

"ते खरं होतं."

"खरं होतंच. खोटं कोण म्हणतंय?" तिचा आवाज अजिबात चढला नाही. "पण तो माझा बाप आहे. मारायचा, आणि सुट्टीत बसस्टँडवर आम्हाला घ्यायला पहाटेपासून उभा राहायचा. हे तुम्ही सांगितलं नाहीत, कारण मीही तुम्हाला ते सांगितलं नव्हतं. तुम्ही त्याला कारण करून टाकलंत. आता तो तेवढाच आहे. सगळ्यांसाठी. आणि माझ्यासाठीसुद्धा व्हायला लागलाय."

मला म्हणायचं होतं की माझे बाबासुद्धा आता एक मूठ आणि एक इगाल एवढेच उरलेत, सगळ्या जबाबांत, सगळ्या कागदांत. ते मी म्हटलं नाही. तिच्याजवळ ठेवायला जागा नव्हती.

"तुझं शिक्षण?" मी विचारलं.

"इथल्या कॉलेजात तो विषय नाही. बघू. हिशेबाचा काहीतरी कोर्स आहे." मग, अगदी सहावीतल्या मुलीसारखं: "ठेवू का, मिस?"

"ठेव."

आईने मान वर केली नाही. "कोण होतं?"

"वर्गातली."

"ती बडबडी?" आईने पानाच्या कडा आत दुमडल्या आणि गुंडाळी पातेल्यात दाबून बसवली. "येतेय का परत?"

"नाही."

"मग त्यांच्या बागेतली जैतुनाची फळं कोण उतरवणार?" ती म्हणाली. "काल तिकडून आले मी. झाडांखाली काळा सडा पडलाय नुसता. पाय ठेवायला जागा नाही."

मी तिच्या शेजारी बसले आणि एक पान उचलून तळहातावर पसरलं.